न सोडलेला आवाज

नऊ वर्षं मी लोकांचे कान तपासतेय, पण माझ्याच कानात शिट्टी वाजते हे दवाखान्यात कुणाला सांगायची सोय नाही, नोकरीच जायची. खुर्ची सरकली, नळ सुटला, की शिट्टी चवताळते. आज आवाजबंद खोलीत एक आजोबा हेडफोन लावून माझ्याकडे पाठ करून बसले होते. आवाज ऐकू येईल तोवर त्यांनी बटण दाबून धरायचं, म्हणजे बाहेर माझ्या यंत्रावर दिवा लागतो. चाचणी संपताना माझ्या चहाचा चमचा बशीत पडला, कानात शिट्टी उसळली. मी यंत्रातून आवाज सोडलाच नव्हता, तरी दिवा लागला. शिट्टी ओसरली तसा विझला. मुद्दाम चमचा आपटला. पुन्हा लागला. जाड दार उघडलं. “झालं, आजोबा.” हेडफोन काढून ते माझ्या कानाकडे बघत राहिले. “पोरी, शेवटचे दोन आवाज फार मोठे होते गं. इतकी वर्षं एकटीच ऐकतेस?”