तीन सेंटीमीटर

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी सिद्धीला आईबाबांचा रिअ‍ॅक्शन टाइम काढायचा होता. ती वरून पट्टी सोडणार आणि समोरच्याने ती चिमटीत पकडायची.

मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमधून नुकत्याच आलेल्या मल्हारने दर वेळी पंचवीस सेंटीमीटरच्या पुढेच पकडली.

"बाबा, स्वल्प, थोडं तरी फास्ट ना!" सिद्धी कानडी मिसळून म्हणाली.

शुभदाने मात्र पहिल्याच झटक्यात तीन सेंटीमीटरवर पकडली. सिद्धीने ते रीडिंग खोडलं.

"हे धरायचं नाही, आई. इतक्या लवकर कोणालाच जमत नाही. म्हणजे तू पट्टी सुटायची वाट बघितलीच नाहीस, आधीच ठरवून बसली होतीस."

"मग काय, तुझ्या बाबासारखं ढिम्म बसू?" शुभदा हसली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या मल्हारकडे वळली. "काय रे, उद्या मी हिला घेऊन कायमची पुण्याला..."

"जा."

तिचं वाक्य अजून संपायचं होतं. मल्हारने मान वर केली नव्हती.

शुभदाने सिद्धीकडे पाहिलं.

"हेही धरायचं नाही ना गं?"