सीताबाईची तणतण

"आता 'तणतण' हा शब्द वाक्यात वापरून सांगा, आजोबा," समीक्षा म्हणाली आणि तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. कॉलेजातली ही पोरगी समुद्रपूर तालुक्यातल्या गावागावांतून शब्द गोळा करत होती. आज रागाच्या शब्दांची पाळी होती. "तुम्हाला शोधायला आधी पारावर गेले होते मी. चाळीस वर्षं तिथंच बसायचे म्हणे तुम्ही."

"आता नाई जात," भैयाजी म्हणाले.

त्यांची बायको सीताबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि ही पोरगी तर चक्क विचारून लिहूनही घेत होती. ती लवकर उठू नये म्हणून भैयाजींनी पाल्हाळ लावलं. थयथयाट पायांचा, आदळआपट भांड्यांची, तणतण मात्र निव्वळ तोंडाची. "अन् त्यात आमच्या बुढीचा हात धरणारं तालुक्यात कोणी नोतं. वाक्य काऊन पाह्यजे तुले? थांब, करूनच दाखवतो."

ते उठले. खांद्यावरचा दुपट्टा पदरासारखा डोक्यावर घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि सैपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सकाळपासून चुलीपाशी मरून राह्यली मी! ताट वाढलं, तं या माणसाचं ध्यान भलतीकडंच! भाजी कशी झाली, कधी तोंडातून शब्द नाई! भिताडाशी बोललं असतं तं त्यानं तरी हुंकार देल्ला असता!"

समीक्षा खळखळून हसली. भैयाजींना आणखी चेव आला. तोच सूर, तोच ठसका, मधेच नाक ओढणंसुद्धा तेच. किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटत होतं. त्यांचे डोळे पाणावले, पण आवाज चढतच गेला.

"अन् आज माही एक गोष्ट आयकूनच घ्या..."

भैयाजी थांबले. हात कमरेवरच राहिला.

"पुढे?" समीक्षानं विचारलं. "पुढे काय म्हणायच्या त्या?"

भैयाजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. दाराशी ठेवलेल्या आपल्या चपलांकडे त्यांची नजर गेली.

"पुढचं मले माहीत नाई, बाई. इथवर आलं का मी चपला घालून पारावर निघून जात होतो."