अपेक्षित आणि प्रत्यक्ष

"पुन्हा करून बघ," सर म्हणाले.

तिने पुन्हा केलं. तेव्हा वर्गात कॅल्क्युलेटर चालत नसे. भागाकार हातानेच करायचा आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या कोष्टकाशी ताडून पाहायचं. उत्तर तेच आलं.

संभाव्यतेच्या तासाला पिशवीतून लाल-काळे चेंडू काढून काढून पोरं कंटाळली होती, म्हणून सरांनी यंदा खरे आकडे आणायला सांगितले होते. कुणी बसथांब्यावर उभं राहून आलं, कुणी वाचनालयात पुस्तकं मोजली. ही आजीला ठेवलं होतं त्या शुश्रूषागृहात गेली. मेट्रनबाईंनी हसत हसत जुने ड्यूटीचे तक्ते आणि नोंदवह्या काढून दिल्या होत्या. "इथे माणसांना भेटायला कुणी येत नाही, आणि तू आमचे आकडे मागतेस!"

तिथे सिस्टर चौघी. खोल्या आलटूनपालटून. म्हणजे तिथले मृत्यूही चौघींच्या वाट्याला साधारण सारखे यायला हवेत. 'अपेक्षित' रकान्यात तिने तसंच लिहिलं. 'प्रत्यक्ष' रकान्यात मात्र निम्म्याहून जास्त मृत्यू एकीच्याच खोल्यांत झालेले होते. उंच सिस्टरच्या. ही बाई कामापुरतं बोलायची आणि कापडी बूट घालायची. ती खोलीत आल्याचं कळतसुद्धा नसे.

"सर, योगायोग असेल का हो?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "एवढा फरक नुसत्या योगायोगाने? हजारात एखाद्या वेळी. नाही, हा योगायोग नव्हे." मग कागद परत देत म्हणाले, "गणित चोख आहे तुझं. पण गणित इथवरच सांगतं हं."

पुढचं सांगायला तिला गणित नको होतं.

आईमागे आजीनेच तिला वाढवलं होतं. येत्या रविवारी आजीला घरी आणायचं ठरलं होतं. खिडकीशी खाट लावून, धुतलेली चादर घालून ठेवली होती. ती घरी न जाता तशीच बसमध्ये चढली.

आठवडाभर आजीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आज मात्र उशीला टेकून बसली होती, वेणीफणी झालेली, सुपाची वाटी रिकामी.

"आलीस? तोंड बघ, नापास झाल्यासारखं."

आजीचा हात उंच सिस्टरच्या हातात होता.

"तुमची ड्यूटी पलीकडच्या खोल्यांवर आहे ना?" तिने विचारलं.

"आजपासून बदलली."

"कशासाठी?"

सिस्टरने दुसऱ्या हाताने आजीच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"बसू दे गं तिला," आजी म्हणाली. "हात किती उबदार आहेत बाईचे. नाहीतर तुझे, नुसता बर्फ."

"मी बसते आजी. सिस्टर, तुम्ही जा."

सिस्टर सावकाश उठली. तिपाईवरच्या झाकलेल्या ट्रेकडे पोरीचं लक्ष गेलं. तिने रुमाल उचलला. आत इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं.

"हे कशाचं?"

"राहू द्या. लागेल त्यांना, दुपारनंतर."

"काही लागणार नाही. बाहेर व्हा."

सिस्टर दारात थांबली. "मी इथेच आहे. हाक मारा."

"मारली तर शपथ!"

तिने दार लोटलं आणि इंजेक्शन बेसिनमध्ये रिकामं केलं. तेव्हा कुठे तिला मोकळा श्वास घेता आला.

"कशाला भांडतेस गं?" आजी डोळे मिटून म्हणाली. "रागीट, अगदी तुझ्या आजोबांवर गेलीस." मग जरा वेळाने, "पाठीत कळ येतेय बघ."

"रविवारी घरी जायचंय. मग मी रोज पाठ चोळून देईन."

"रविवारी," आजी म्हणाली आणि हसली.

आजीचा डोळा लागलासा वाटल्यावर ती उठली. सिस्टर समोरच्या भिंतीशी उभीच होती. तिच्या डोळ्यांदेखत पोरीने दाराला बाहेरून कडी घातली, तिथेच लटकणारं कुलूप लावलं, किल्ली मुठीत घेतली.

"असं करू नका," सिस्टर पहिल्यांदाच घाईने म्हणाली. "त्यांना एकटं नका ठेवू."

"तुमच्यापेक्षा एकटं बरं."

मेट्रनबाई टेबलाशी औषधं मोजत होत्या. "आलीस? निरोप मिळाला वाटतं."

"निरोप राहू द्या. आधी हे बघा."

तिने कागद पसरला आणि एका दमात सगळं सांगितलं: चौघी सिस्टर, सारख्या खोल्या, हजारात एखादी शक्यता. आपण पोलिसांत जाणार, हेही सांगितलं. 'प्रत्यक्ष' रकान्यावरून मेट्रनबाईंनी बोट फिरवलं, एकेका आकड्यावर किंचित थांबत.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "यात एकही चूक नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी तिला आजीच्या खोलीवर लावलंत?"

"मीच लावलं. आता कोण आहे आजीजवळ?"

"कुणी नाही. तिला बाहेर काढलंय मी. कुलूप घातलंय."

मेट्रनबाई खुर्ची मागे सारून उठल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे पोरी, लवकर. डॉक्टरांनी हात टेकले की त्या माणसाजवळ मी तिलाच बसवते."