बागेतलं गाणं

संयोगिता आणि शाहनवाज यांचा साताऱ्यातला गिटार-बासरीचा बँड मोडायच्या बेतात होता. अशात फोनवर दिसलं, की त्यांचं पहिलं गाणं तासगावाकडं कुणीतरी रोज सकाळपासून सांजेपर्यंत ऐकतंय. विचारत विचारत दोघं एका द्राक्षबागेत पोचले, तर मांडवाला टांगलेल्या कर्ण्यातून संयोगिताचाच आवाज येत होता.

"लय गुणाचं गाणं हाय," बागायतदार जोतिबाआण्णा म्हणाले. "लावलं, की एक पाखरू मण्याला चोच लावत न्हाई!"

संयोगिताचा चेहरा उतरला. शाहनवाजनं धीर करून विचारलं, "आण्णा, आमचं नवं गाणं लावून बघितलंत का?"



"बघितलं की! कायबी कामाचं न्हाई गड्या. समदी पाखरं तारंवर बसून ऐकत ऱ्हात्यात."