वाऱ्याचा जाणकार

वारा कुठून सुटेल आणि वणवा कुठे पळेल, हे सांगायचा मी पगार घेतो. त्या दुपारी डोंगरावरून कोरडा वारा खाली उतरणार, हे दिसताच आधी घरी फोन केला.

"ताबडतोब बाहेर पड. वणवा आपल्याकडेच वळणार."

"पावसाळ्यात छत्री नको म्हणालात, चिंब भिजले मी," म्हणत बायकोने फोन ठेवला.

वणवा आमच्या कुंपणापर्यंत आला, पण ती वाचली. आता येईल त्याला सांगते, "शेजारच्या काकू देवासारख्या धावून आल्या. ह्यांच्या भरवशावर राहिले असते तर?"

मीही मान डोलावतो. काकूंना फोनवर मीच विनवलं होतं, "माझं नाव तेवढं काढू नका, नाहीतर ती हलायची नाही."