डॅशबोर्डवरचं फूल

सासूबाई वाचल्या.

झालं, शेवट कळला. आता तो विसरायचा. असं काही झालेलंच नाही. सासूबाई अजून गाडीत मागच्या सीटवर आडव्या आहेत, चेहरा विटेसारखा लाल आहे, घाम यायचा थांबलाय, आणि गाडी भर दुपारी गर्दीत रुतून बसली आहे. डॉक्टरांनी फोनवर एकच सांगितलंय : "इथे पोचेपर्यंत त्यांना गार ठेवा."

गार ठेवायचं काम एसीचं. एसी फुंकर घालत होता. बशीतल्या चहावर घालतात तेवढी.

"वाढव ना तो," मागून बायको म्हणाली. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"तो आपोआप वाढतो. ऊन बघून."

"मग बघत का नाही?"

तो बघत नव्हता, कारण त्याचा डोळा झाकलेला होता. डॅशबोर्डच्या मधोमध, काचेला लागून, एक काळा मणी असतो. त्याच्यावर ऊन पडलं की गाडीला कळतं, बाहेर रणरणतंय, पंखा पळवा. या गाडीत त्या मण्यावर गुलाब होता. क्रोशाचा. सासूबाईंनी अख्ख्या डॅशबोर्डला कव्हर विणलं होतं, आणि मधलं टेंगूळ त्यांना गाडीचं व्यंग वाटलं, म्हणून नेमकं त्याच्यावर दुहेरी दोऱ्याचं फूल घातलं होतं. जावयाने कव्हर दोनदा काढून डिकीत टाकलं. तिसऱ्यांदा सासूबाईंनी ते गोंदाने चिकटवलं. गोंद चांगल्यातला होता. तेव्हापासून गाडीच्या मते रात्र होती.

पंखा हाताने वाढवायचं बटणही होतं. ते एकदा आत गेलं ते गेलंच.

जावयाने काच खाली केली. शेजारच्या ट्रकने आत धूर सोडला. जावयाने काच वर केली.

"अरे, काहीतरी कर!"

जावई एका कार्यालयात लोकांचे अर्ज फेटाळायचं काम करायचा, त्यामुळे कुणी काही मागितलं की त्याच्या तोंडात आधी 'नाही' यायचं. ते त्याने गिळलं, किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर काढलं आणि गुलाबाला लावलं. एक धागा तुटला. दुसऱ्या धाग्याला नेलकटर तुटलं.

"जावईबापू," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "काय कापताय?"

"काही नाही, आई."

"नखांचा आवाज नव्हता तो."

बायकोने सांगून टाकलं. फूल, मणी, ऊन, सगळं.

सासूबाईंनी धापा टाकत एक डोळा उघडला. "म्हणजे मीच मला भाजतेय?"

"वाफवताय, आई," जावई म्हणाला.

"अरे!" बायको ओरडली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता छान वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. मग एकेक शब्द जुळवत त्यांनी सांगितलं, "उजव्या कोपऱ्यात गाठ आहे. ती सोडा आणि ओढत सुटा. सगळं उसवेल."

"नुसतं फूल नाही उसवता येणार?"

"फुलापासून सुरुवात केली होती. पहिलं घातलेलं शेवटी सुटतं."

जावयाने गाठ दातांनी सोडली आणि दोरा ओढला. गोंदातून ओळ सुटली, टर्र. मग दुसरी. दोऱ्याचा ढीग मांडीवर, गिअरवर, स्टीअरिंगवर चढत गेला. सासूबाईंनी मागून हात पुढे केला. "टोक द्या इकडे. वाया नाही घालवायचा." आणि त्या पडल्या पडल्या दोन बोटांवर दोरा गुंडाळायला लागल्या. गोळा वाढत होता. बायको गाडीच्या एसीकडे बघायची सोडून त्या गोळ्याकडेच बघत होती.

एका मोटरसायकलवाल्याने काचेवर टकटक केलं. "काय चाललंय, साहेब?"

"गाडी उसवतोय."

"बरं," तो म्हणाला आणि पुढे बघायला लागला.

शेवटी गुलाब राहिला. एक पाकळी, दुसरी पाकळी, मग नुसती गाठ. जावयाने नखाने गोंद खरवडला. मणी उघडा पडला. त्याच्यावर ऊन आलं. गाडीने क्षणभर विचार केला आणि पंखा असा सुटला की सुटे धागे छताला चिकटले.

"आई, हवा! लागतेय का हवा?"

"लागतेय," सासूबाई म्हणाल्या.

आणि पुढची रांग हलली. सगळे मागून एकदम हॉर्न वाजवायला लागले. जावयाला गाडी पुढे घ्यावीच लागली. रांग हलली, ती गाडी पुलाखाली जाईपर्यंत. मग थांबली.

पुलाखाली ऊन नव्हतं. चारी बाजूंना ट्रकची चालू इंजिनं होती. मण्याने अंधार बघितला आणि पंखा पुन्हा फुंकरीवर आला.

बायकोने पुढे वाकून मोबाइलचा टॉर्च मण्यावर धरला. गाडी फसली नाही. ऊन आणि टॉर्च यांतला फरक तिला बरोबर कळत होता. रात्र आणि गुलाब यांतला कधी कळला नव्हता.

मागे काहीतरी पडलं. दोऱ्याचा गोळा सीटखालून गडगडत आला आणि ब्रेकपाशी थांबला.

"आई?" बायको म्हणाली. "आई, गोळा पडला. आई, गोळा पडला ना तुझा."

जावयाने काचेतून वर बघितलं. वर पूल होता. लोक त्याला रोज ज्या भाषेत लिहायचे त्याच भाषेत, पुलाच्या पलीकडे जो कुणी तळपत होता त्याला उद्देशून तो मोठ्याने बोलायला लागला :

"महोदय, सदर वाहन पुलाखाली अडकले असून वाहनात आमच्या आई आहेत. तरी आपण स्वतः, किरणांसह, पुलाखाली तातडीने उपस्थित राहावे, ही नम्र विनंती."