अंजूचं इष्टलिंग

"आंघोळीला गळ्यातून काढलेली दोन इष्टलिंगं एका ताटात ठेवू नको गं," असं सासूबाई, आमच्या अव्वा, सांगायच्या. मी मनावर घेतलं नाही.

निलंग्यात अप्पा, माझे सासरे, गेले त्या दिवशीही त्यांचं आणि माझ्या लेकीचं, अंजूचं, लिंग मी घाईत एकाच ताटात ठेवलं. चार महिन्यांच्या अंजूला रोज मांडीवर घेऊन विभूती लावणारा आजा. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना समाधीत मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं.

सगळे परतल्यावर बघते तर अंजूच्या गळ्यात अप्पांचं जुनं, गुळगुळीत लिंग. तिचं मातीखाली गेलं होतं.

"आता उकरायचं न्हाई," अव्वा म्हणाल्या. "लेकराला निजव."

पण अंजू आडवी होत नाही. मांडी घालून ताठ बसते, डोळे मिटून, डावा तळहात उघडा ठेवून.

दुपारपासून ती हललेली नाही. मला हात लावायचं धाडस होत नाही. तुम्ही तिच्या नाकाशी बोट धरून बघता का?